धुकं वावरात होतं की लेन्समध्ये?

ओलीतकरी · ४ जानेवारी, रात्री ९.४०

रामराम मंडळी. तीन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. हरभरा आणि गव्हाचं ओलीत चालू आहे आणि शेतीपंपाची लाईन सध्या रात्रीच्या पाळीत येते. म्हणजे गजर न लावता पहाटे पाचला मी वावरातच असतो, अंगावर घोंगडं आणि पायात गमबूट. एवीतेवी जागाच आहे तर कॅमेरा न्यावा, असं यंदा ठरवलं.

बाबांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन खूप वर्षं झाली. दिवाळीत माळा आवरताना पेटीत त्यांचा रशियन झेनिट कॅमेरा निघाला. शटर पार मेलेलं, पण लेन्स मस्त फिरते: हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ २ (एफ म्हणजे छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं). माझ्याकडे सेकंडहँड सोनी ए६००० होताच. ऑनलाइन एम४२चा (या लेन्सच्या आट्यांच्या बैठकीचा) अडॅप्टर मागवला, लेन्स आट्यांनी फिरवून बसवली आणि निघालो.

पहिले दोन दिवस शटरच दाबलं जाईना. कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं हे तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर अडॅप्टरवाल्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घालून झाल्या होत्या. पुढची अडचण रिंगांची. या लेन्सला उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या दोन रिंगा आहेत, एक टकटक वाजते आणि दुसरी लोण्यासारखी फिरते. कशासाठी दोन, ते बाबांनी सांगितलं. टकटकवालीवर आधी ८ लावून ठेवायचं. मग दुसरी पूर्ण उघडून भरपूर उजेडात फोकस धरायचा आणि डोळा न काढता तीच अडेपर्यंत मिटायची. ती बरोबर ८ वर थांबते, आकडा बघावा लागत नाही. "उघड, नेम धर, मिट," एवढंच बाबा म्हणाले आणि परत पेपर वाचायला लागले.

फोटो १ खाली देतोय. धुऱ्यावरची बाभूळ, मागे तुषार सिंचन चालू, सूर्य नुकताच वर आलेला. सगळं दुधाळ, उजेड झाडाच्या फांद्यांतून पाझरून बाहेर सांडल्यासारखा. मोबाइलवर तोच देखावा कोरडाठाक आला. जुन्या काचेची जादू म्हणतात ती हीच ना?

दोन प्रश्न आहेत. लेन्स अनंतच्या (अगदी लांबच्या फोकसच्या) खुणेपर्यंत फिरवली की लांबचं झाड उलट जरा धूसर होतं, असं का? आणि पुढची लेन्स घ्यायची तर वाइड घेऊ का?

गाविलगड · ४ जानेवारी, रात्री १०.१५

भाऊ, पयलाच धागा अन् डायरेक्ट सिक्सर! बाभूळ लय भारी दिसून राह्यली. मी अचलपूरचा. आमच्या इकडे लोक धुई पाहाले चिखलदऱ्याले गाडी करून जातात, हॉटेलाचं भाडं भरतात, अन् तुले ते वावरात फुकट भेटून राह्यलं.

गमबुटाचा फोटो पण टाक.

मुठेकाठी · ४ जानेवारी, रात्री ११.०२

फोटो छान आहे, पण एक स्पष्ट बोलू का? यातली जादू पहाटेची आहे, लेन्सची नाही. एफ ८ ला निसर्गचित्र काढलं तर पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आणि आजची, कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स यांत सांगितल्याशिवाय फरक ओळखू येत नाही. हेलिओसची ती प्रसिद्ध गरगरणारी पार्श्वभूमी दिसते एफ २ ला, जवळचा विषय आणि मागे पानांची गर्दी असेल तेव्हा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे जिथे गरगर सर्वांत जास्त असते त्या कडाच कापल्या जातात. मग एवढा खटाटोप कशाला?

हे मी दहा-बारा जुन्या लेन्स विकत घेऊन, नंतर विकून सांगतोय.

जुनी_काच · ५ जानेवारी, सकाळी ७.३०

मुठेकाठी, दहा-बारा घेतल्यात म्हणजे खटाटोप तुम्हालाही आवडतो. :)

ओलीतकरी भाऊ, आधी अनंतचं. एम४२ लेन्सची मागची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिमीवर असायला हवी. सोनीच्या कॅमेऱ्यात बैठकीपासून सेन्सर १८ मिमी. म्हणजे अडॅप्टर २७.४६ मिमी जाड हवा. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ करतात, म्हणजे 'अनंत मिळत नाही' अशी तक्रार येत नाही. परिणाम असा की लेन्स अनंताच्याही पुढे जाते. म्हणून शेवटपर्यंत फिरवून मोकळं व्हायचं नाही. एखाद्या रात्री लांबच्या टॉवरचा लाल दिवा मोठा करून बघ, तो सर्वांत बारीक ठिपका होतो ती तुझ्या अडॅप्टरची खरी अनंताची जागा. तिथे बारीक खूण कर.

लेन्सवरची खोलीची पट्टी (कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणारी) ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाची आहे. तुझ्या लहान सेन्सरसाठी एक स्टॉप (छिद्राची एक पायरी) कडक वाच, म्हणजे फोटो एफ ११ ला काढत असशील तर पट्टीवर ८ च्या खुणा बघायच्या. ५८ मिमीला एफ ८ वर साधारण २१ मीटरवर फोकस ठेवलास तर साडेदहा मीटरपासून क्षितिजापर्यंत चालून जातं. पण मोठी प्रिंट काढायची असेल तर हा हिशेब सोड आणि सरळ मुख्य झाडावर, चित्र मोठं करून फोकस धर. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगवर धुक्यात फार विसंबू नको. धुक्यात कडाच नसतात, आणि असल्या की ते नको तिथे चमकतं.

आता खरा मुद्दा. फोटो दोनदा बघितला. धुकं लांबच्या वस्तूंवर जास्त आणि जवळच्या वस्तूंवर कमी असतं. तुझ्या फोटोत अगदी जवळचं, दोन-तीन मीटरवरचं हरभऱ्याचं झाडही तेवढंच दुधाळ आहे. सूर्याभोवतीचं वलय पण जरा जास्तच पसरलंय.

एक काम कर. लेन्स काढ, छिद्र पूर्ण उघड, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मार आणि पुढून आरपार बघ. काय दिसतं ते इथे सांग.

गाविलगड · ५ जानेवारी, सकाळी ७.५२

लागली वाट.

धानपट्टा · ५ जानेवारी, सकाळी ११.२०

निकाल येईपर्यंत वाइडबद्दल मी लिहिते. मी साकोलीकडची.

वाइड घेऊ नका दादा. आपला मुलूख सपाट आहे. सपाट वावरात वाइड लावली की अर्ध्या फोटोत आभाळ आणि अर्ध्यात ढेकळं येतात, झाड मात्र मुंगीएवढं. शिवाय जुनी २८ मिमी लहान सेन्सरवर ४२ मिमीसारखी दिसते, म्हणजे वाइड उरतच नाही. रुंद हवंच असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स बरी. इथे मुठेकाठी यांच्याशी मी सहमत आहे.

माझ्याकडे ज्युपिटर-३७ए आहे, १३५ मिमी, एफ ३.५. तिलाही तुमच्यासारख्याच दोन रिंगा, आणि छिद्राला बारा पाती, त्यामुळे मिटली तरी छिद्र गोलच राहतं. लहान सेन्सरवर ती २०० मिमीसारखी चालते. आमच्याकडे हिवाळ्यात हीच लेन्स लागते. बांधीतून धान निघालेलं असतं, पुंजणे रचलेले असतात, मागे मामा तलावाची पाळ, पाळीवर सिंदीची झाडं, त्यामागे गावाचा धूर. लांब लेन्स हे सगळे पदर जवळ ओढून एकावर एक ठेवते. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव राहिले.)

धुराची गंमत बघितली आहे का? थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे चुलीचा धूर वर जातच नाही. घरांच्या थोडा वर जाऊन आडवा पसरतो, कोणी चादर ओढल्यासारखा. सूर्य वर आला की अर्ध्या-पाऊण तासात मोडतो. आमच्याकडे दाट धुकं हिवाळ्यातून मोजकेच दिवस असतं, हा धूर मात्र आभाळ मोकळं असलं की जवळजवळ रोज. मी धुक्याची वाट बघणं सोडलंय.

आणि बांधीत लाखोळी, जवस पेरलं असेल तर जानेवारीत निळी फुलं असतात. जवसाची फुलं सकाळीच बघावीत, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. तुमची हेलिओस अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाते. तिथे एफ २ ला उघडून बघा, थोडी गरगर लहान सेन्सरवरही मिळेल.

पऱ्हाटी · ५ जानेवारी, दुपारी २.१०

मी यवतमाळ जिल्ह्यातला. माझ्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आहे. हेलिओस त्याला लागेल काय?

दुसरं, मामाकडून एक सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ भेटली. काच पिवळी पडली आहे, चहा सांडल्यासारखी. ही पण बुरशी म्हणायची का?

जुनी_काच · ५ जानेवारी, दुपारी ३.४५

पऱ्हाटी, निकॉनची बैठक ४६.५ मिमी, एम४२ची ४५.४६. एका मिलिमीटरचा फरक, पण तोच घात करतो. लेन्स सेन्सरपासून जास्त लांब बसते आणि जेमतेम दोन-तीन मीटरपलीकडचं काही स्पष्ट येत नाही. फुलांना चालेल, शिवाराला नाही. मध्ये भिंग असलेले अडॅप्टर मिळतात, ते अनंत देतात आणि बाकी सगळं घालवतात. त्यापेक्षा जुनी हाताने फिरवायची निक्कॉर ५० मिमी शोध. छोट्या निकॉन बॉडीवर उजेड मोजणारा मीटर चालणार नाही, पण मॅन्युअल मोडवर एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा, शटर बदलायचं. दोन दिवसांत हात बसतो.

पिवळेपणा ही बुरशी नाही. त्या लेन्सच्या नंतरच्या आवृत्तीत काचेत थोरियम आहे, किरणोत्सर्गी. घाबरू नको, फोटो काढायला काही होत नाही, फक्त काच घासू-फोडू नको. वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने काच पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशाने पुन्हा बरीच साफ होते. काही आठवडे उन्हात ठेवायची.

पण एप्रिल-मेच्या उन्हात नाही! आपल्याकडच्या ४५ अंशांत फोकसचं ग्रीस पातळ होऊन तेल छिद्राच्या पात्यांवर उतरतं. हिवाळ्याचं ऊन यासाठी झकास.

पऱ्हाटी · ५ जानेवारी, दुपारी ४.०५

लगेच खिडकीत ठेवतो.

धानपट्टा · ५ जानेवारी, दुपारी ४.११

थांबा! घरात कापूस भरलेला आहे का?

पऱ्हाटी · ५ जानेवारी, दुपारी ४.१४

हो, भाव नाही म्हणून समोरची खोली छतापर्यंत भरून आहे. खिडकी त्याच खोलीची.

धानपट्टा · ५ जानेवारी, दुपारी ४.१६

भाऊ, ते भिंग आहे! लहानपणी भिंगाने कागद पेटवला नाही का? लेन्सच्या मागच्या तोंडाला पक्कं झाकण लावा, झाकणाच्या आत स्वयंपाकघरातला चांदीचा कागद बसवा, म्हणजे ऊन परत काचेतूनच जाईल. आणि ठेवा गच्चीवर सिमेंटवर. कापूस, कुटार, गंजी यांच्या आसपास अजिबात नाही.

गाविलगड · ५ जानेवारी, दुपारी ४.३०

ताईनं कापूस वाचवला. क्विंटलमागे एक फोटो ताईले द्या लागते आता.

ओलीतकरी · ५ जानेवारी, रात्री ८.५०

टॉर्च मारून बघितलं.

मागच्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, एका कडेने मध्यापर्यंत आलेले. शिवाय एका काचेवर सगळीकडे सारखा धुरकट थर. नुसतं उजेडाकडे धरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं, तिरपा टॉर्च मारल्यावर दिवाळीच झाली.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "मले फोटो पाहूनच समजलं होतं. तू एवढा खूश होता, म्हणून बोललो नाही."

म्हणजे चार जानेवारीची माझी जादू ही बुरशीची होती. गावातल्या सतरा जणांना तो फोटो पाठवलाय.

मुठेकाठी · ५ जानेवारी, रात्री ९.१५

मनाला लावून घेऊ नका. मी एकदा हेझ (काचेवरचा धुरकट थर) आलेली लेन्स 'स्वप्नवत चित्रणासाठी उत्तम' अशा शब्दांत जाहिरात करून विकणाऱ्याकडून चढ्या भावाने घेतली होती. जुन्या लेन्सच्या बाजारात 'कॅरेक्टर' हा शब्द दिसला की आधी टॉर्च मागावा.

खारा_वारा · ५ जानेवारी, रात्री १०.४०

आम्ही रत्नागिरीकर, बुरशीतले पदवीधर. तुम्ही तर कोरड्या प्रदेशातले, तुमच्याकडे कशी लागली?

ओलीतकरी · ५ जानेवारी, रात्री ११.०५

कोरडं उन्हाळ्यात. पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडेही भिंतींना ओल येते. आणि कॅमेरा त्याच्या चामड्याच्या खोळात होता, खोळ पेटीत, पेटी माळ्यावर कौलांखाली. असे वीसेक पावसाळे.

खारा_वारा · ५ जानेवारी, रात्री ११.३०

चामड्याची खोळ! बुरशीला घर आणि जेवण दोन्ही दिलंत. खोळ आठवण म्हणून वेगळी ठेवा, लेन्ससोबत कधीच नाही. लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरायची. तांदूळ घालायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, कोंडा काचेवर बसतो.

उघडताना: प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो, प्रत्येक गोल भागावर कोणत्या आट्यावर सुटला त्याची बारीक खूण, आणि प्रत्येक भिंगाचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते कागदावर. हेलिओसचा मागचा भाग सोपा आहे. बुरशीवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं मिश्रण चालतं, पण खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. बुरशीतलं आम्ल काचेवरच्या चकाकीरोधक थराला खाऊन गेलं असेल तर खूण राहते. ती घासत बसू नका.

जुनी_काच · ६ जानेवारी, सकाळी ८.०५

खारा_वारा यांनी सगळं सांगितलं. मी दोनच गोष्टी जोडतो. स्वच्छ लेन्सलासुद्धा तो जुना एकेरी थर असतो, त्यामुळे सूर्य समोर आला की कॉन्ट्रास्ट पडणारच. ४९ मिमीचा हूड लाव, नसेल तर काळ्या चार्टपेपरची नळी कर. आणि थंडीत लेन्स आभाळाकडे तोंड करून ट्रायपॉडवर सोडू नको, काच हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावरच दव बसतं. मधल्या वेळात मफलर गुंडाळून ठेव. शेकोटीजवळ नेऊन ऊब द्यायला जाऊ नको, काजळी बसते.

आपल्याकडच्या हिवाळ्याची एक चैन लोक वापरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य साधारण ४५ अंशांवरच असतो, उगवतो तोही नेमक्या पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेकडे सरकून. म्हणजे साडेदहाला घरी परतायचं कारण नाही. दुपारी दोनलाही पऱ्हाटीच्या ओळींना सावली असते, फुटलेलं बोंड एका बाजूने उजळतं. उन्हाळ्यात हे सकाळी आठला संपतं.

गाविलगड · ६ जानेवारी, सकाळी ९.४०

दुपारी वावरात बाया वेचत असतात, त्याइचे फोटो काढाचे असन त पयले विचारा लागते. मी मागच्या साली न विचारता काढला, एका आजीनं ओटीतला कापूस खाली ठेवला अन् म्हणे, "इकडे ये, आता तू वेच, मी फोटो काढतो." पाऊण तास वेचला बावा. कंबर गेली. फोटो मात्र मंग त्याइनं सोताहून काढू देले.

अजून एक. पहाटे अनोळखी पांदणीनं एकट्यानं घुसू नका. डुकरांसाठी कोणी कोणी कुंपणात करंट सोडते, अंधारात तार दिसत नाही. तिकडे ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे त वाघाचाच कारभार हाय, तिथं गावातला माणूस सोबत पाह्यजेच.

धानपट्टा · ६ जानेवारी, सकाळी १०.१५

वाघाचं अगदी खरं. फोटोसाठी तलावातली बदकं उठवू नका, हेही त्यात धरा. लांबून आलेली असतात.

ओलीतकरी · २५ जानेवारी, रात्री ९.२०

धागा वर काढतोय. लाईन मध्ये दिवसाच्या पाळीवर गेली होती म्हणून उशीर.

लेन्स उघडली. मी नाही, बाबांनी. मी म्हटलं नागपूरला पाठवू, ते म्हणाले आण इकडे. घड्याळजीकडून बारीक पेचकस आणले, अंगणात खाट टाकली, पांढरा टॉवेल अंथरला. हात थोडे कापतात आता, पण स्क्रू हातात आला की थांबतात. तीन तास लागले. मी फक्त फोटो काढत होतो आणि अमोनियाच्या वासाने शिंकत होतो. काम करता करता ते उटीच्या कारखान्यातल्या इंदू फिल्मबद्दल बोलत होते. लग्नाच्या ३६ फोटोंच्या रोलात ३८ फोटो कसे बसवायचे, ते पहिल्यांदा कळलं.

धुरकट थर पूर्ण गेला. धाग्यांपैकी एकाची खूण राहिली आहे, केसाएवढी, कडेला. सूर्य समोर घेतला तरच जाणवते.

परवा पहाटे खरोखरचं धुकं होतं. गव्हाला रात्रभर पाणी दिलेलं, आभाळ मोकळं, वारा नाही. उजाडताना जेमतेम होतं, सूर्य वर आल्यावर उलट दाट झालं, मग पंधरा मिनिटांत उडालं. तीच बाभूळ, तीच जागा, एफ ८, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर पक्का, उजेड एक स्टॉप वर, कारण मीटर धुक्याला राखाडी करून टाकतो. (छिद्र कॅमेऱ्यात नोंदलं जात नाही, म्हणून ओलिताच्या वहीतच लिहायला लागलोय. 'पंप सुरू १२.१०, बाभूळ एफ ८, १/२००.')

फोटो २ बघा. जवळच्या हरभऱ्यावर दवाचा थेंब न् थेंब मोजता येतो. बाभूळ काळी, काटे दिसतात. तिच्यामागे तुरीची ओळ फिकट, त्यामागे बैलबंडी जेमतेम रेघ, आणि त्याच्यामागे काहीच नाही. पहिल्या फोटोत बंडी होती हे मला माहीतच नव्हतं. आता परत उघडून बघितला, तिथेही आहे, बुरशीत बुडालेली.

मुठेकाठी साहेब, किट लेन्सनेही लगेच काढून बघितले. तुमचं खरं आहे, शेजारी ठेवले तर फारसा फरक नाही. रंग थोडे गार, कडा थोड्या बऱ्या. पण किट लेन्सने मी धुकं असताना अकरा फोटो काढले, हेलिओसने दोन. ते दोनच ठेवलेत.

मुठेकाठी · २५ जानेवारी, रात्री १०.०५

दुसरा फोटो उत्तम. शब्द परत घेत नाही, पण तुमच्या वडिलांना माझ्याकडची एक अडकलेली लेन्स पाठवली तर चालेल का?

ओलीतकरी · २५ जानेवारी, रात्री १०.२०

विचारलं. म्हणाले, "पाठव म्हणा, पण कॅरेक्टर असन त आणू नको."

पऱ्हाटी · २५ जानेवारी, रात्री १०.४५

टाकुमार गच्चीवर वीस दिवस झाले, चहाचा रंग लिंबू-पाण्यावर आला. कापूस पण सुखरूप आहे, भाव अजून नाही. वर्धा-यवतमाळवाल्यांनी एखाद्या रविवारी भेटायचं का?

ओलीतकरी · २५ जानेवारी, रात्री ११.००

या ना. फक्त लाईन रात्रीची असेल त्या आठवड्यात या, म्हणजे मी वावरातच असेन. पहाटे साडेपाचला पंपाच्या खोलीवर चहा. बाभूळ तिथून दोन धुरे सोडून.

गाविलगड · २५ जानेवारी, रात्री ११.०४

मी येतो. कुत्रं बांधून ठेवजो.